गुन्हा कबूल आहे; शिक्षेचे काय?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, त्यांची सारी वकिली तालुका आणि जिल्हा कोर्टात झाली. ज्याचे नाव वर्तमानपत्रात येणार नाही अशा पक्षकाराची फाइल ते सर्वांत आधी वाचत. म्हणून आज घटनेची मोठी कलमे न घेता फौजदारी प्रक्रियेतले एक लहानसे कलम मी बोलायला घेतले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३७५ वे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१६ वे झाले. आकडा बदलला, आशय तोच राहिला. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरून त्याला दोषी ठरवले, तर त्याला अपील नाही, असे हे कलम सांगते.

इथवर वाचून बरेच जण पुस्तक मिटतात. कलम मात्र पुढे चालू राहते. शिक्षा उच्च न्यायालयानेच दिली असेल तर अपील नाहीच. पण सत्र न्यायालयाने किंवा न्यायदंडाधिकाऱ्याने कबुलीवरून दोषी ठरवले असेल, तर दिलेली शिक्षा किती आहे आणि ती कायद्यात बसते की नाही, एवढ्या दोन मुद्द्यांवर अपील करता येते. ‘मी गुन्हा केला नाही’ हे म्हणण्याची वेळ गेलेली असते. ‘मी केला, पण त्याला एवढी शिक्षा नको होती’ हे म्हणण्याची वेळ गेलेली नसते.

कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र वेगळेच ऐकू येते. ‘कबूल केलंय ना? मग आता अपील कसलं?’ हे वाक्य मी पोलिसांकडून ऐकले आहे, कारकुनांकडून ऐकले आहे, आरोपीच्या थोरल्या भावाकडून ऐकले आहे आणि, सांगायला वाईट वाटते, काळा कोट घातलेल्यांकडूनही ऐकले आहे. कबुली म्हणजे माणसाने आपले सगळे हक्क कोर्टाच्या टेबलावर ठेवून रिकाम्या हाताने मागे सरणे, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. कायद्याने असे कधीच म्हटलेले नाही. कबुलीने दोषाचा प्रश्न मिटतो. शिक्षेचा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि आपण तो सुरूच होऊ देत नाही, ही माझी तक्रार आहे.

ही शिक्षेची सुनावणी कशी असावी याचा एक नमुना आपल्या इतिहासात आहे. १८ मार्च १९२२, अहमदाबादचे सर्किट हाउस. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल महात्मा गांधींवर राजद्रोहाचा, म्हणजे तेव्हाच्या दंडविधानाच्या १२४-अ कलमाखालचा खटला होता. मुद्रक-प्रकाशक शंकरलाल बँकर सहआरोपी होते. दोष वाचून दाखवल्यावर दोघांनीही गुन्हा कबूल केला. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल स्ट्रँगमन उभे होते. कबुली आली तरी पुरावा घेऊन पूर्ण खटला चालवावा असा त्यांचा आग्रह होता. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी तो मानला नाही. कबुली स्वीकारली आहे, आता फक्त शिक्षा ठरवायची आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली.

त्यानंतर जे घडले ते प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याने वाचावे असे मला वाटते. सरकारी वकील शिक्षेवर बोलले. मुंबईची दंगल, मलबार, चौरीचौरा यांची आठवण देऊन, शिक्षा ठरवताना या घटना डोळ्यांसमोर ठेवाव्यात असे त्यांनी सांगितले. मग आरोपी बोलले. गांधींनी आपले लेखी निवेदन वाचले, त्या घटनांची जबाबदारीही नाकारली नाही आणि न्यायाधीशांनी एकतर राजीनामा द्यावा किंवा कडक शिक्षा द्यावी असे सांगितले. मग न्यायाधीश बोलले. आपण कशाला किती वजन देतो आहोत हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. १९०८ साली याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेचा दाखला त्यांनी घेतला. तीन लेख, प्रत्येकी दोन वर्षे साधी कैद, एकापाठोपाठ एक, एकूण सहा वर्षे. बँकरांना एक वर्ष आणि एक हजार रुपये दंड. पुढे सरकारला ही शिक्षा कमी करता आली तर आपल्याइतका आनंद कोणाला होणार नाही, असेही ब्रूमफील्ड यांनी सांगितले.

गांधींनी अपील केले नाही. त्यांना करायचेच नव्हते. लोकमान्यांच्या नावाशी आपले नाव जोडले गेले हा त्यांनी सन्मान मानला. त्या काळी लागू असलेल्या १८९८ च्या संहितेतही कबुलीनंतर शिक्षेपुरते अपील खुले होते, आणि त्यांनी ते वापरले असते तर वरच्या न्यायालयापुढे पुरेसा मजकूर गेला असता. सरकारने काय मागितले, आरोपी काय म्हणाला, न्यायाधीशाने कोणता दाखला घेतला आणि तीन शिक्षा एकापाठोपाठ का ठेवल्या, हे सगळे कागदावर होते. गांधी येरवड्याच्या तुरुंगात गेले. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत सरकारने त्यांना मुदतीआधी सोडले.

परक्या राज्यकर्त्यांच्या न्यायालयाची स्तुती करायला मी उभा नाही. तो कायदाच अन्यायाचा होता. पण कबुली दिलेल्या माणसाचे शिक्षेबद्दल पूर्ण ऐकून घेतले गेले आणि त्याला कारणे सांगितली गेली. आता आपल्या तालुक्याच्या कोर्टात चला.

सोमवारची सकाळ. बोर्डावर इतकी प्रकरणे की नुसता पुकारा करून शिपायाचा घसा बसावा. पोलीस पार्टी चार-पाच कच्च्या कैद्यांना घेऊन आली आहे. त्यातला एक मुलगा एकवीसच्या आतला. मोबाइल चोरल्याचा आरोप. जामीन मंजूर होऊन बरेच दिवस झाले, पण जामीनदार मिळत नाही, कारण सात-बारा असलेला कोणीही त्याच्यासाठी उभा राहत नाही. रात्री बराकीत कोणीतरी सांगितलेले असते, ‘कबूल करून टाक. भोगलेले दिवस धरतात. सुटशील.’ हे अगदीच खोटे नाही. तपासात आणि खटल्यात कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. जुन्या संहितेचे ४२८ आणि नव्या संहितेचे ४६८ हे कलम तेच सांगते. पण मुलगा जे गृहीत धरतो ते कोणी त्याला कबूल केलेले नसते.

दोषारोप वाचला जातो. ‘समजला का?’ मान हलते. ‘गुन्हा कबूल आहे?’ आणि मुलगा बोलू लागतो. ‘साहेब, चूक झाली. आईच्या औषधाला पैसे नव्हते. फोन परत दिलाय. आई घरी एकटी आहे. परत नाही करणार.’ कागदावर काय उतरते? ‘गुन्हा कबूल आहे.’ तीन शब्द. कधी कधी तेही आधीच छापलेले असतात आणि लेखनिक फक्त रिकामी जागा भरतो.

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळे प्रकरण इथेच बिघडते. समन्स खटल्यांसाठी कायद्याने स्पष्ट सांगितले आहे की कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी. जुन्या संहितेचे २५२ आणि नव्या संहितेचे २७५ हे कलम त्यासाठीच आहे. वॉरंट खटल्यातही ती रीत पाळायला कोणी मनाई केलेली नाही. हा लेखनाचा शिष्टाचार नाही. त्या मुलाच्या पाच वाक्यांत शिक्षा ठरवताना लागणारे सगळे आहे. हेतू, वस्तू परत केल्याची गोष्ट, घरची जबाबदारी, पश्चात्ताप. ती पाच वाक्ये रोजनाम्यात आली असती तर सत्र न्यायाधीशापुढे अपिलात काही बोलता आले असते. ती गेली, आणि अपिलाचा पायाच गेला. वरच्या न्यायालयाच्या हाती येतो तो कबुलीचा एक शब्द आणि शिक्षेचा एक आकडा. त्यांच्यामध्ये काहीच नाही.

आता शिक्षा. समजा, त्याला सहा महिने सश्रम कारावास झाला. अपिलात काय म्हणायचे?

पहिली गोष्ट कायदेशीरपणाची. भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात एक परंतुक आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यायची. द्यावी की न द्यावी हे न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेले नाही. तेव्हा त्या फोनची किंमत पाच हजारांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर सहा महिने कैद हा जास्त शिक्षेचा प्रश्न राहत नाही. ती शिक्षाच कायद्यात बसत नाही. २०२४ नंतरच्या चोरीच्या प्रत्येक कबुलीत हे तपासणे वकिलाचे पहिले काम आहे.

दुसरी गोष्ट अपराधी परिवीक्षा अधिनियमाची. हा कायदा १९५८ चा, म्हणजे नवा नव्हे. त्याच्या सहाव्या कलमानुसार एकवीस वर्षांखालच्या माणसाला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, सहजासहजी तुरुंगात पाठवता येत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तरीही कैद द्यायची असेल तर कारणे लिहावी लागतात. अकरावे कलम तर अपिलाच्या वकिलासाठीच लिहिल्यासारखे आहे. खालच्या न्यायालयाने परिवीक्षेवर सोडले नसेल तरी अपील न्यायालय तसा आदेश देऊ शकते. अहवाल मागवलाच नव्हता, एवढा एक मुद्दा घेऊन सत्र न्यायालयात उभे राहा आणि पाहा. सहा महिन्यांचा आकडा डळमळतो.

तिसरी गोष्ट प्रमाणाची, आणि हीच खरी अवघड. अपील न्यायालय ‘आम्ही असतो तर चार महिने दिले असते’ एवढ्यावरून सहाचे चार करत नाही. शिक्षा ठरवण्याचा अधिकार मूळ न्यायालयाचा आहे, आणि वरचे न्यायालय त्याचा मान ठेवते. शिक्षा उघड उघड जड असावी लागते. महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटलेली असावी लागते, किंवा नको ती गोष्ट वजनात धरलेली असावी लागते. कबुली स्वतःच एक महत्त्वाची गोष्ट आहे. साक्षीदारांच्या फेऱ्या वाचल्या, फिर्यादीला पुन्हा उभे राहून सगळे सांगावे लागले नाही, कोर्टाचे दिवस वाचले. इंग्लंडमध्ये शिक्षेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्याच संधीला दिलेल्या कबुलीसाठी शिक्षेत एक-तृतीयांशापर्यंत सूट मिळते, आणि कबुली जितकी उशिरा तितकी सूट कमी. आपल्याकडे अशा लेखी सूचना नाहीत. शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरवावीत अशी शिफारस न्यायमूर्ती मलिमथ यांच्या समितीने २००३ साली केली होती. ती तशीच पडून आहे. त्यामुळे आपल्याकडे कबुलीचे मोल त्या दिवशीच्या न्यायाधीशावर अवलंबून राहते. एकाकडे ती शिक्षा निम्म्यावर आणते, तर दुसऱ्याकडे काम लवकर उरकले एवढाच तिचा उपयोग. म्हणूनच शिक्षेचे अपील आपल्याला जास्त गरजेचे आहे.

शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे ऐकलेच पाहिजे, ही तरतूद १९७३ च्या संहितेने आणली. ती नुसती रीत म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पंजाबातल्या एका खून खटल्यात दाखवून दिले. दोषी ठरवल्याच्या दमात फाशी सुनावली गेली होती, आरोपीला शिक्षेबद्दल बोलू दिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, फाशी रद्द केली आणि शिक्षेपुरते ऐकण्यासाठी प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत पाठवले. फाशीच्या खटल्यात जे खरे, ते सहा महिन्यांच्या कैदेतही खरे असले पाहिजे. सहा महिने त्या मुलाच्या आयुष्यात थोडे नाहीत.

आता मी ज्या निकालासाठी हा विषय निवडला त्याकडे येतो.

उत्तर प्रदेशातल्या हापूडचा एक माणूस. वीज खात्याचे साहित्य चोरल्याचे त्याच्यावर नऊ खटले, विद्युत अधिनियमाखालचे. नऊही खटल्यांत त्याने गुन्हा कबूल केला, प्ली बार्गेनिंगने. प्रत्येकात दोन वर्षे साधी कैद आणि एक हजार रुपये दंड. एकेक निकाल वाचला तर खटकण्यासारखे काही नाही. दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे. पण नऊ शिक्षा एकत्र चालतील की एकामागून एक, हे कोणी लिहिले नव्हते. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की आधीच शिक्षा भोगत असलेल्या माणसाला दुसरी शिक्षा झाली, तर ती पहिली संपल्यावर सुरू होते, न्यायालयाने वेगळे सांगितले तरच दोन्ही एकत्र चालतात. जुन्या संहितेत हे ४२७ वे कलम होते, नव्यात ४६७ वे. न्यायालयाने सांगितले नव्हते. मग तुरुंगाच्या दप्तराने हिशोब केला. नऊ दुणे अठरा.

खून करणाऱ्यांपैकी कित्येक जण अठरा वर्षांच्या आत बाहेर येतात. हा माणूस वीज खात्याच्या साहित्यासाठी अठरा वर्षे आत राहणार होता, आणि प्रत्येक वेळी ‘कबूल आहे’ म्हणाला म्हणून. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. १६ डिसेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नरसिंह यांच्या पीठाने नऊही शिक्षा एकत्र चालतील असा आदेश दिला. तोवर त्याने तीन वर्षे भोगली होती. सर्वोच्च न्यायालयाला कोणतेही प्रकरण लहान नसते, व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आला की न्यायालयाने हस्तक्षेप करायचाच, असे त्या निकालाने बजावले. चंद्रचूड पुण्याच्या घराण्यातले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांनी दुरुस्त केली ती चूक जिल्ह्याच्या पातळीवर एका ओळीने टळली असती.

त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत का जावे लागले, याचे एक कारण प्ली बार्गेनिंगच्या कायद्यातच आहे. साधी कबुली आणि प्ली बार्गेनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत रोज होते. साध्या कबुलीत आरोपी न्यायाधीशासमोर उभा राहून गुन्हा मान्य करतो आणि शिक्षा न्यायाधीशावर सोडतो. प्ली बार्गेनिंगमध्ये तो लेखी अर्ज करतो, सरकार आणि फिर्यादी यांच्याशी बोलणी होतात आणि ठरावीक सवलतीची शिक्षा होते. ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली आणि ५ जुलै २००६ पासून अमलात आली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचेच गुन्हे तीत बसतात, आणि स्त्रिया किंवा लहान मुलांविरुद्धचे गुन्हे तीत बसत नाहीत. सवलतीच्या बदल्यात कायदा अपील काढून घेतो. उरतो तो घटनेच्या १३६, २२६ आणि २२७ या अनुच्छेदांचा लांबचा रस्ता. साध्या कबुलीत मात्र सत्र न्यायालयाचे दार उघडे राहते. म्हणून पक्षकाराला कागदावर सही करायला सांगण्याआधी वकिलाने दोन्ही रस्ते त्याच्यापुढे, त्याच्या भाषेत ठेवले पाहिजेत. ‘साहेब, इथे सही करा’ हा सल्ला नव्हे.

२००६ च्या आधी अशी देवाणघेवाण चोरून चालत असे, आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना तिची चीड होती. १९७६ साली महाराष्ट्रातलाच तेलभेसळीचा एक खटला त्यांच्यापुढे आला. खुरासनी तेलात शेंगदाण्याचे तेल मिसळलेले. व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि किरकोळ शिक्षेवर सुटले. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अशा सौद्यात व्यापारी खूश, सरकारी वकील खूश, कामाने दबलेला दंडाधिकारी खूश आणि भेसळीचे तेल खाणारा समाज मात्र फसलेला, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. मला तो पटतो.

पण नाण्याची दुसरी बाजू काही वर्षांत कर्नाटकातून आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या खटल्यात आरोपीने हलक्या शिक्षेच्या आशेवर कबुली दिली, दंड झाला, आणि प्रकरण वर गेल्यावर दंडाच्या जागी कैद दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी हे अनुच्छेद २१ चे उल्लंघन ठरवले. आधी कबुलीसाठी मन वळवायचे आणि कबुली हाती आल्यावर शिक्षा वाढवायची, हे न्याय्य नाही. शिक्षा वाढवायचीच असेल तर कबुली बाजूला ठेवून खटला पहिल्यापासून चालवा, असा तो निकाल आहे. दोन्ही निकाल समोर ठेवले की एक गोष्ट दिसते. कबुलीतला सौदा दोन्ही बाजूंना फसवू शकतो, आणि दोन्ही वेळा फसवणूक शिक्षेच्या जागीच उघडी पडते.

कबुली आली की न्यायाधीशाने ती घेतलीच पाहिजे असेही नाही. ‘त्यावरून दोषी ठरवू शकेल’ अशी कायद्याची भाषा आहे. मुंबईवरच्या हल्ल्याच्या खटल्यात २० जुलै २००९ रोजी अजमल कसाबने अचानक उभे राहून कबुली देऊ केली. विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांनी ती नोंदवून घेतली, पण तिच्यावर निकाल दिला नाही. साक्षीपुरावे पुढे चालले आणि निकाल मे २०१० मध्ये लागला. एवढ्या भयंकर गुन्ह्यात जी सावधगिरी पाळली गेली, तिचा थोडा अंश मोबाइल चोरणाऱ्या मुलाच्याही वाट्याला यायला हवा. कबुली धाकाने दिली असेल किंवा कबूल केलेली हकिकत गुन्ह्यातच बसत नसेल, तर तो वेगळा रस्ता आहे, पुनरीक्षणाचा. आज मी त्यात शिरत नाही.

मघाशी येरवड्याचे नाव आले. त्या तुरुंगाशी जोडलेला आणखी एक निकाल आपल्या राज्याचा आहे. विद्यापीठाच्या बनावट पदव्या करण्याच्या प्रयत्नाबद्दल एका प्राध्यापकाला सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली. त्याला सर्वोच्च न्यायालयात जायचे होते, पण निकालाची प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांपर्यंत आल्याचे सांगितले गेले आणि त्याच्या हातात पडल्याची नोंद मात्र नव्हती. तो आला तेव्हा शिक्षा भोगून झाली होती. १९७८ साली कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला, पण त्याच निकालात कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेवर मिळण्याचा आणि अपिलासाठी वकील मिळण्याचा हक्क घटनेतून आला आहे, असे ठरवले. त्या माणसाला उपयोग झाला नाही. त्याच्यानंतरच्या प्रत्येक कैद्याला व्हायला हवा होता.

होतो का? सत्र न्यायालयातले अपील तीस दिवसांत करायचे असते, उच्च न्यायालयात साठ दिवसांत. कैद्याला वकील नसला तरी तो तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो, नव्या संहितेचे ४२४ वे कलम तेवढ्यासाठी आहे. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट मिळते. कागदावर एवढी तयारी असताना तीस दिवस निघून जातात, कारण बराकीतल्या प्रत्येकाला माहीत असते की कबुलीनंतर अपील नसते. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. पण सहा महिन्यांच्या शिक्षेत विलंबमाफी, नोटीस आणि सुनावणी होईपर्यंत माणूस शिक्षा भोगून बाहेर आलेला असतो. म्हणून अशा अपिलात पहिला अर्ज शिक्षेच्या स्थगितीचा असला पाहिजे. जामिनावर असलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आणि त्याला अपील करायचे असेल, तर शिक्षा देणाऱ्या न्यायालयानेच अपिलापुरता जामीन द्यायचा असतो, खास कारण नसेल तर. हे मागावे लागते. मागणारे थोडे.

आणि एक भीती. ‘अपील केलं आणि शिक्षा वाढवली तर?’ हा प्रश्न मला आरोपीच्या बायकोने विचारला आहे, आईने विचारला आहे. उत्तर सरळ आहे. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात अपील न्यायालय शिक्षा कमी करू शकते, बदलू शकते, वाढवू शकत नाही. वाढ हवी असेल तर सरकारला स्वतंत्र अपील करावे लागते, आरोपीला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते, आणि त्या वेळी आरोपीला शिक्षा कमी करा असेही म्हणता येते.

इथे कोणी विचारील, आणि विचारावे, की ज्याचा फोन गेला, ज्याचा मुलगा ट्रकखाली गेला, त्याचे काय? त्याला शिक्षा अपुरी वाटली तर त्याला अपील नाही. २००९ पासून पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध, हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरवल्याविरुद्ध आणि अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील आहे, अपुऱ्या शिक्षेविरुद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली तसेच सांगितले. ही उणीव खरी आहे, आणि ती मला बोचते. पण आरोपीच्या जड शिक्षेकडे डोळेझाक करून ती भरून निघत नाही. मी मागतो ते दोघांच्याही कामाचे आहे. कबुलीनंतर पीडितालाही शिक्षेबद्दल, भरपाईबद्दल बोलू द्या आणि तेही रोजनाम्यात लिहा. मग शिक्षा कमी असो वा जास्त, ती कशावर उभी आहे हे वरच्या न्यायालयाला दिसेल.

न्यायाधीशांवर कामाचा डोंगर आहे, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडून मी निबंध मागत नाही. आरोपीची चार-पाच वाक्ये त्याच्या शब्दांत, त्याच्या वयाची नोंद, आधी शिक्षा झाली आहे का, परिवीक्षा का दिली किंवा का नाकारली, आणि एकाहून अधिक शिक्षा असतील तर त्या एकत्र चालतील की एकापाठोपाठ. अर्ध्या पानात मावते. हापूडच्या माणसाला त्यातली शेवटची एक ओळ मिळाली असती तर त्याला दिल्ली गाठावी लागली नसती.

आणि आपल्या जिल्ह्याच्या वकील संघाला माझी एक ठोस विनंती आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील कारागृहात जातात, तेव्हा अपील कोणाला करायचे आहे असे विचारतात. कबुली दिलेला माणूस हात वर करत नाही. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी कबुलीवरून शिक्षा झालेल्यांची यादी मागून घ्या. प्रत्येकाचा निकाल वाचा. चोरी पाच हजारांच्या आतली होती का, वय एकवीसच्या आत होते का, परिवीक्षेचा अहवाल मागवला का, दुसऱ्या खटल्यातली शिक्षा डोक्यावर आहे का, कोठडीचे दिवस वजा केले का, एवढे पाहा. यासाठी नवा कायदा नको, नवा निधीही नको. शिक्षेच्या प्रत्येक वॉरंटवर तारीख असते. तिच्यापुढे तीस दिवस मोजा, आणि ते संपायच्या आत त्या माणसाला भेटून सांगा की गुन्हा कबूल केला असला तरी शिक्षेविरुद्ध अपील करता येते.